वरचा जबडा रुंदावणारीं उपकरणें



डब्याचें झांकण जसें डब्याच्या कांठाबाहेर बसतें, तशी वरच्या दांतांची कमान खालच्या कमानीच्या किंचित् बाहेर बसावी, अशी निसर्गाची योजना आहे. कांहीं मुलांत ही रचना उलटते. वरचा जबडा अरुंद राहतो आणि वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आंत बसूं लागतात. मग तोंड मिटतांना मूल खालचा जबडा एका बाजूस सरकवितें. वाढीच्या वयांत ही संवय तशीच राहिली, तर चेहऱ्याची वाढ वांकडी होण्याचा संभव असतो. तेव्हां हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाहीं.

वरचा जबडा हें एकसंध हाड नसून टाळूच्या मध्यरेषेवर जुळलेलीं दोन हाडें आहेत. बालपणीं त्यांचा सांधा बराच सैल असतो. वय वाढतें तसे त्याचे दांते एकमेकांत घट्ट गुंतत जातात. या सैलपणाचा फायदा घेऊन सॅन फ्रॅन्सिस्को येथील इमर्सन एंजेल या दंतवैद्यानें साडेचौदा वर्षांच्या एका मुलीच्या तोंडांत पेंचाचें उपकरण बसविलें, आणि दोन आठवड्यांत जबडा सुमारें पाव इंच रुंद झाल्याचें १८६० मध्यें प्रसिद्ध केलें. त्या वेळीं अनेक समव्यवसायी मंडळींना तें खरें वाटलें नाहीं. पुढें १९६१ मध्यें अँड्र्यू हास यांनीं हीच रीत पुन्हां मांडली आणि ती रूढ झाली.

आज मुलांसाठीं मुख्यतः तीन प्रकारचीं उपकरणें वापरतात. पहिला प्रकार काढतां-घालतां येणाऱ्या प्लेटचा. तिच्या मधोमध लहानसा पेंच असतो व तो ठरलेल्या दिवशीं किल्लीनें फिरवावयाचा असतो. ती धुण्यास सोपी. परंतु मुलानें ती खिशांत ठेवली, तर उपयोग शून्य. शिवाय तिच्या जोरानें हाड रुंदावण्यापेक्षां दांत बाहेर कलण्याचाच भाग अधिक असतो.

दुसरा प्रकार क्वाड-हेलिक्स. चार वेटोळीं असलेली ही पोलादी तार दाढांवरील कड्यांना पक्की जोडलेली असते. तार हळूहळू दाब देत राहते व कांहीं महिन्यांत काम होतें. घरीं किल्ली फिरवावी लागत नाहीं. स्वीडनमधील पेट्रेन व बाँडेमार्क यांनीं २००८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या तुलनेंत क्वाड-हेलिक्स बसविलेल्या सर्व मुलांचा दोष दूर झाला. प्लेट वापरणाऱ्यांपैकीं सुमारें एक-तृतीयांश मुलांत मात्र अपयश आलें, आणि त्याचें कारण प्लेट पुरेशी वापरली गेली नाहीं हें होतें.

तिसरा प्रकार दाढांवर पक्क्या बसविलेल्या पेंचाचा. हास यांच्या उपकरणांत टाळूवर प्लॅस्टिकचा भाग होता. १९६८ मध्यें बीडरमन यांनीं तो वगळून नुसती धातूची चौकट ठेवली, त्यामुळें तें स्वच्छ ठेवणें सुलभ झालें. एका फेऱ्याच्या चौथ्या भागास पेंच साधारणतः पाव मिलिमीटर उघडतो. दिवसांतून एकदां किंवा दोनदां तो फिरवितात. दोन-तीन आठवड्यांत समोरच्या दोन दांतांमध्यें फट दिसूं लागते. आई-वडील ती पाहून घाबरतात. परंतु सांधा उघडत असल्याची ती खूण आहे, आणि पुढें ती बहुधा आपोआप मिटते. फट मिटली म्हणजे काम संपलें, असें मात्र समजूं नये. उघडलेल्या जागीं नवें हाड भरण्यास अवधि लागतो. म्हणून पेंच बंद करून उपकरण आणखी कांहीं महिने तोंडांतच ठेवावें लागतें. घाईनें काढल्यास जबडा पुन्हां आकुंचित होतो.

यांत श्रेष्ठ कोणतें? सात ते दहा वर्षांच्या मुलाचा दोष सौम्य असेल, तर क्वाड-हेलिक्स पुरेसें होतें. जबडा फार अरुंद असेल किंवा मूल यौवनाच्या उंबरठ्यावर असेल, तर पक्का पेंच अधिक उपयोगी. वाढ पुरी झाल्यावर मात्र टाळूच्या हाडांत बारीक स्क्रू बसवून त्यांच्या आधारें जोर द्यावा लागतो, अथवा शस्त्रक्रियेनें सांधा मोकळा करावा लागतो. सांधा कोणत्या वयांत घट्ट होतो, हें व्यक्तीगणिक बदलतें. म्हणून केवळ वय विचारून निर्णय होत नाहीं, तपासणीच हवी.

आणखी एक सूचना. टाळू हाच नाकाचा तळ असल्यामुळें जबडा रुंदावल्यावर नाकांतील वाटही कांहींशी मोकळी होते. तरीपण मूल तोंडानें श्वास घेत असेल किंवा घोरत असेल, तर प्रथम नाक-घशाच्या डॉक्टरांस दाखवावें. वाढलेल्या गांठींवर पेंच हा उपाय नव्हे.

दुधाचे दांत पडूं लागले कीं एकदां मुलास दांत मिटावयास सांगून गाल बाजूस सारावा व दाढा पाहाव्या. उलट्या बसत असतील, तर "मोठेपणीं पाहूं" असें म्हणूं नये. आज जें काम तारेनें होतें, त्यासाठींच पुढें शस्त्र हातीं घ्यावें लागण्याचा संभव असतो.