नजरेच्या कडेचे चेहरे
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



शाळेच्या हीरक महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी विज्ञानावर काही बोलावे, अशी संयोजकांची इच्छा होती. शाळा म्हणजे चेहऱ्यांचा मेळा. म्हणून आपण चेहरे कसे पाहतो आणि नजरेच्या कडेला असलेला चेहरा आपल्याला कसा फसवतो, हा विषय मी निवडला आहे.

आपला हात समोर ताठ धरा आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहा. जवळजवळ तेवढ्याच, म्हणजे साधारण २ अंशांच्या क्षेत्रात आपल्याला सर्वांत स्पष्ट दिसते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी एक लहानसा खळगा असतो. बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशींची तेथे सर्वाधिक दाटी असते. मध्यापासून दूर जावे तशी ती झपाट्याने विरळ होते. कडेच्या दृष्टीला हालचाल चटकन जाणवते, पण बारकावे निसटतात आणि शेजारशेजारच्या आकृती एकमेकींत मिसळतात. पुस्तकातील एका शब्दावर नजर खिळवून चार शब्दांपलीकडचा शब्द वाचून पाहा. तेथे शब्द आहे हे कळते. कोणता आहे हे कळत नाही. तरीही सगळे दृश्य आपल्याला सारखेच स्पष्ट वाटते, कारण डोळे दर सेकंदाला दोन-तीनदा जागा बदलतात आणि त्या तुकड्यांची सलग गोधडी मेंदू शिवतो.

या शिवणीत काय घडू शकते, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने दाखवले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात शॉन मर्फी हा विद्यार्थी प्रयोगासाठी चेहऱ्यांची छायाचित्रे तयार करीत होता. सर्व चेहऱ्यांचे डोळे एका रेषेत जुळवून तो चित्रे भराभर चाळू लागला, तेव्हा चांगल्या दिसणाऱ्या व्यक्तीही त्याला विद्रूप भासू लागल्या. जेसन टँजेन आणि मॅथ्यू थॉम्पसन या सहकाऱ्यांसह त्याने हा परिणाम शास्त्रीय रीतीने मांडला.

पडद्याच्या मध्यभागी एक फुली असते. तिच्या दोन्ही बाजूंना सेकंदाला चार-पाच या वेगाने चेहरे बदलत राहतात. पाहणाऱ्याने नजर फुलीवरच ठेवायची. काही क्षणांतच कोणाचे कपाळ अवाढव्य, कोणाचा जबडा राक्षसी, तर कोणाचे डोळे बटबटीत दिसू लागतात. नजर वळवून एखाद्या चित्रावर थांबावे, तर समोर चारचौघांसारखाच चेहरा!

संशोधकांना असे आढळले की, जो चेहरा इतरांहून ज्या बाबतीत वेगळा, त्याची तीच बाब अधिक फुगून दिसते. कपाळ थोडे मोठे असेल, तर ते फारच मोठे भासते. प्रत्येक चेहरा जणू लगतच्या चेहऱ्याच्या मापाने मोजला जातो. वेग अधिक, तपशील अपुरा आणि तुलना अखंड, या तिहींच्या संयोगाने साध्या वेगळेपणाची विकृती होते.

हा प्रयोग दृष्टीचा आहे. त्यावरून मनुष्यस्वभावाचा सिद्धान्त काढणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु दृष्टान्त म्हणून तो शिक्षकांच्या आणि पालकांच्या उपयोगाचा आहे. वर्गात चाळीस-पन्नास मुले असतात. तासाच्या घाईत शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी बहुधा डोळ्याच्या कोपऱ्यातूनच दिसतो. आधी उत्तर दिलेल्या हुशार मुलाच्या मापाने त्याला मोजले, तर त्याचा संथपणा मठ्ठपणा वाटतो आणि त्याचे मौन उर्मटपणा वाटते. असा एक शेरा त्या मुलाला वर्षानुवर्षे चिकटून राहू शकतो.

मराठी मुलखापासून दूर असलेल्या आपल्या शाळेलाही हा अनुभव नवा नाही. शेजारच्या मोठ्या शाळांशी घाईने तुलना करून तिच्याविषयी मत बनवणारे पुष्कळ भेटतात. आत येऊन वर्ग पाहणारे थोडे. म्हणूनच कडेला असणे म्हणजे काय, हे आपण इतरांपेक्षा अधिक जाणले पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही नवा सवंगडी, वेगळी भाषा बोलणारा शेजारी किंवा अबोल वर्गबंधू यांच्याविषयी मत बनवण्यापूर्वी मान वळवा, क्षणभर थांबा आणि त्याच्याकडे समोरून पाहा. प्रयोगातील विद्रूप चेहरा पूर्ववत होण्यास तेवढेच पुरेसे ठरते.

शाळेच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा देऊन मी आपली रजा घेतो.