मेदाचें कोठार आणि त्याची किल्ली

शरीरांतील चरबी म्हणजे निव्वळ ओझें, असा सामान्य समज आहे. वस्तुतः ती संकटकाळासाठीं राखून ठेवलेली शिदोरी होय. एक ग्रॅम पिष्टापासून आहारशास्त्रांतील सुमारें ४ कॅलरी मिळतात, तर तितक्याच मेदापासून ९. म्हणूनच दीर्घ उपवासांत शरीर या कोठाराकडे वळतें.

पेशींत हा मेद सूक्ष्म थेंबांच्या रूपानें असतो. त्याच्या प्रत्येक रेणूंत ग्लिसरीनला तीन मेदाम्लें जडलेलीं असतात. उपवासांत रक्तांतील इन्सुलिन उणावतें, आणि त्या इशाऱ्यासरशी तीन एन्झाइमें क्रमाक्रमानें एकेक मेदाम्ल सोडवितात. पैकीं पहिल्या एन्झाइमाचा शोध २००४ सालीं लागला. सुटलेलें मेदाम्ल मायटोकाँड्रिया नामक भट्टींत जळतें; मात्र लांब साखळीच्या मेदाम्लास कार्निटिनचा हात धरल्यावांचून आंत प्रवेश नाहीं.

हें ज्वलन कसें होतें, तें फ्रान्झ क्नूप या जर्मन शास्त्रज्ञानें १९०४ सालीं दाखविलें. मेदाम्लाच्या टोंकास, शरीराला मोडतां न येणारें बेंझिनचें कडें जोडून त्यानें तें कुत्र्यांना खाऊं घातलें व त्यांचें मूत्र तपासलें. साखळींतील कर्बाणूंची संख्या सम असल्यास एक पदार्थ निघे, विषम असल्यास दुसरा, तिसरा निघेना. अर्थात् साखळी दोन दोन कर्बाणूंनीं तुटत जाते, हें उघड झालें.

कर्करोगाच्या पेशी साखरेच्या अधाशी असतात, हें ऑटो वारबुर्ग यानें १९२० च्या दशकांत दाखविलें. परंतु त्या केवळ साखरेवरच जगतात असें नाहीं. अंडाशयाच्या कर्करोगपेशी पोटांतील चरबीच्या पडद्यावर जाऊन बसतात, तेथील मेदपेशींना मेद सोडावयास लावतात आणि त्यावर पोसतात, असें २०११ सालच्या संशोधनांत आढळलें. त्याच वर्षीं दुसरी गोष्ट दिसली. वर सांगितलेलें पहिलें एन्झाइम ज्या उंदरांत नव्हतें, त्यांची चरबी व स्नायु अर्बुद असूनहि फारसे झिजले नाहींत. रोग्याचें खंगणें केवळ अन्न कमी गेल्यानें होत नाहीं. रोगच कोठार उघडवितो.

म्हणून साखर वा अन्न तोडलें कीं रोग उपाशीं मरेल, ही समजूत भ्रामक आहे. तशानें रोगाआधीं रोगीच क्षीण होण्याचें भय असतें. त्याचा आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच ठरावा. कोठाराची किल्ली चोराच्या हातीं लागली, म्हणून घरधन्यानें जेवण सोडावें, हें शहाणपण नव्हे.