फणसाखालची हिरवळ

आजरा भागातल्या कितीतरी परसांत एखादा जुना फणस नाहीतर आंबा उभा असतो. त्याची दाट सावली वैशाखात हवीहवीशी वाटते, पण तिच्याखाली जमीन उघडीबोडकी राहते. तिथे हौसेने हरळीची लॉन लावली जाते. हरळीला ऊन भरपूर लागतं. सावलीत ती विरळ होते, पिवळी पडते आणि सरून जाते.

मग पाऊस येतो. पागोळ्यांखाली चर पडतात, वरची कसदार माती ओघळाने निघून जाते आणि मागे जांभ्याचे खडे उरतात. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी नदी पावसाळ्यात आजऱ्याजवळच्या रामतीर्थावरून गढूळ होऊन कोसळते, त्या गढूळपणात परसांतली मातीही असते. खरं नुकसान हे आहे.

अशा जागेला मोंडो ग्रास शोभतं आणि मानवतंही. दिसायला गवत, पण कूळ शतावरीचं. मूळ ठिकाण जपान, चीन, कोरिया. त्याचा एक भाऊबंद आपल्याकडे हिमालयात आणि निलगिरीतही वाढतो. पानं अरुंद, गर्द हिरवी, बारमाही. उंची वीतभर, बुटकी जात जेमतेम चार बोटं. गड्डा खुरप्याने उपसला की पांढरट मुळं दिसतात आणि त्यांना मध्येमध्ये शेंगदाण्याएवढ्या फुगीर गाठी. पाण्याची बेगमी तिथेच असते.

लागवड जूनच्या पहिल्या पावसात करावी. त्याआधी लव्हाळा गाठींसकट खणून काढावा. पुढे तो मोंडोच्या पात्यांत मिसळला की ओळखू येत नाही. कुजलेलं शेणखत घालून जमिनीला थोडा उतार द्यावा, कारण पाणी साठलं की मुळं कुजतात आणि जुलैत इथे पाणी साठायला वेळ लागत नाही. गड्डा फोडून मुळांसकट फुटवे सोडवावेत आणि 10 ते 15 सेंटीमीटरवर लावावेत. एका भरलेल्या कुंडीतून बरेच फुटवे निघतात, त्यामुळे रोपवाटिकेतून ढीगभर रोपं आणायला नकोत.

वाढ मात्र संथ. जमीन झाकायला दोन-तीन पावसाळे जातात. पण एकदा झाकली की कापणी नाही, यंत्र नाही. मुलांच्या खेळण्याची जागा असेल तर हे लावू नये, कारण रोजची तुडवण त्याला सोसत नाही. येण्याजाण्यापुरते चिऱ्याचे तुकडे मांडावेत. फणसाची जाड पानंही वर साचू देऊ नयेत. खराट्याने ओढली तर कोवळे फुटवे उपटून येतात, म्हणून पहिलं वर्षभर ती हातानेच वेचावीत.