अनोळखी नगरीची ओळख : तंजावूर



सुटीचे दिवस आले की महाराष्ट्रातून असंख्य कुटुंबे मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारीच्या यात्रेस निघतात. शाळांच्या सहली जातात. पंचायत संस्थांच्या सदस्यांचे अभ्यासदौरे आखले जातात. परतताना प्रवाशाजवळ छायाचित्रे असतात, पिशवीत चार वस्तू असतात. परंतु पाहिलेल्या नगराविषयी दोन शब्द सांगावयाचे म्हटले, तर देवळाची भव्यता आणि जेवणाची चव यांपलीकडे फारसे सांगता येत नाही. याचा दोष प्रवाशाच्या जिज्ञासेला देणे अन्यायाचे होईल. परके नगर कसे पाहावे, तेथील इतिहास, लोकजीवन आणि बाजार यांचा परस्परसंबंध कसा शोधावा, याचे शिक्षण सहसा कोणास मिळालेले नसते. यास्तव तंजावूर या एकाच नगराचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

तंजावूर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तिरुचिरापल्लीपासून सुमारे साठ किलोमीटरवर वसलेले नगर आहे. भातखाचरांनी वेढलेला हा मुलूख तमिळनाडूचे धान्याचे कोठार म्हणून ओळखला जातो. मराठी प्रवाशाच्या दृष्टीने या नगराला विशेष महत्त्व आहे. येथील लिपी, बोली, अन्न आणि वेष ही सर्वच त्याला अपरिचित असतात; आणि तरीही येथे १६७५ च्या सुमारापासून १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे एकशे ऐंशी वर्षे, भोसले घराणे नांदत होते. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, ज्यांना एकोजी असेही म्हणत, हे या शाखेचे संस्थापक होत. परके आणि आपले यांची अशी सरमिसळ अन्यत्र क्वचितच आढळते.

भिंतीवरील दप्तर

नगराची पहिली ओळख बृहदीश्वराच्या मंदिरात होते. चोळ सम्राट पहिला राजराज याने बांधविलेले हे ग्रॅनाइटचे मंदिर इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. त्याचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरील शिखर, साठ मीटरहून अधिक उंच आहे. १९८७ मध्ये या मंदिराचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. मंदिर पाहावयाचे ते सूर्योदयाच्या सुमारास. पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात आणि दुपारी अंगणातील फरसबंदी पायांना चटके देते. शिवाय तमिळनाडूतील बहुतेक मंदिरांप्रमाणे गाभारा दुपारी बंद असतो.

शिखराची सावली भूमीवर कधीच पडत नाही, असे येथे येणाऱ्यास हमखास सांगण्यात येते. सकाळी किंवा सायंकाळी अंगणात उभे राहिल्यास ती स्पष्ट पडलेली दिसते. आख्यायिका आदराने ऐकावी, पण डोळ्यांनी पडताळून पाहावी, हा नगरदर्शनाचा पहिला नियम होय.

खरे आश्चर्य शिखराच्या उंचीपेक्षा त्याच्या पायथ्याशी आहे. मंदिराच्या जोत्यावर तमिळ अक्षरांच्या ओळींमागून ओळी कोरलेल्या आहेत. राजाने, त्याच्या भगिनीने, राण्यांनी आणि इतरांनी दिलेली दाने दगडावर नोंदवावीत, अशी राजाज्ञा होती. त्यानुसार मूर्ती, दागिने, दिव्यांसाठी लागणारे तूप, मंदिराला धान्य पुरविणारी गावे यांचा तपशील येथे आहे. मंदिराच्या सेवेतील चारशे नर्तकींची नोंद आहे; वादक, हिशेबनीस, शिंपी, कुंभार, परीट यांना मिळणारा वाटाही लिहिलेला आहे. शासनाचे दप्तर ज्यांनी हाताळले आहे, त्यांना या भिंतीचे मर्म चटकन उमजेल. सार्वजनिक द्रव्याचा हिशेब कोणालाही वाचता येईल अशा जागी, आणि कोणालाही सहज खोडता येणार नाही अशा साधनाने लिहिला गेला आहे.

याच मंदिराच्या आवारात नैर्ऋत्येकडील भिंतीशी गेल्यावर मराठी प्रवाशाची पावले थबकतात. तेथे चक्क मराठी भाषा आहे. दुसरे सरफोजीराजे यांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास येथे कोरविला. आठशे वर्षांपूर्वीच्या चोळ लेखांना धक्का न लावता, वेगळ्या भिंतीवर, मराठी राजाने आपले म्हणणे लिहून ठेवले. नवा राज्यकर्ता आला म्हणजे जुने पुसावे लागत नाही, हा धडा या दोन भिंती शेजारी शेजारी उभ्या राहून देत आहेत.

सरस्वती महाल

मंदिरापासून राजवाडा दूर नाही. नायक राजांनी त्याचा आरंभ केला आणि मराठ्यांनी त्यात भर घातली. त्याच्या आवारात सरस्वती महाल हे ग्रंथालय आहे. सरफोजीराजांचे शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली झाले होते. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला व त्याचा परिसर एवढाच उरला. सत्ता गेलेल्या राजाने काय करावे? १८३२ मध्ये निधन होईपर्यंत सरफोजींनी ग्रंथ जमविले, पाठशाळा चालविल्या, औषधींचे प्रयोग करविले आणि देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभारला. इसापच्या कथांचा मराठी अनुवाद या छापखान्यातून १८०६ मध्ये बाहेर पडला.

तहानंतरही एका गोष्टीविषयी सरफोजी आग्रही राहिले, ती म्हणजे छत्रे. तंजावूरहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर मराठा राजांनी व राजस्त्रियांनी यात्रेकरूंसाठी अन्नछत्रे व धर्मशाळा बांधल्या होत्या. ओरत्तनाडु येथील मुक्तांबाळ छत्राची वास्तू त्यांची साक्ष आहे. परक्या माणसाला निवारा आणि अन्न देणे हे या नगराने राजधर्माचे अंग मानले होते.

ग्रंथालय १९१८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते, ताडपत्रे आणि मोडी कागदपत्रे यांचा हा संग्रह जगन्मान्य आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या येथील तमिळ विद्यापीठाने मोडी कागदपत्रांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले आहे. मोडी वाचणारे महाराष्ट्रातही आज थोडेच उरले असताना, तमिळ अभ्यासकांनी मराठी दप्तराची वाहिलेली ही काळजी प्रत्येक मराठी शिक्षकाने ध्यानी घ्यावी अशी आहे.

बोली आणि कीर्तन

वास्तू पाहून झाल्यावर माणसे भेटावयाची असतात. त्यासाठी फार मोठ्या भाषाज्ञानाची गरज नसते. भेटताच ‘वणक्कम्’, निरोप घेताना ‘नन्ऱि’ आणि दुकानात ‘विलै एन्न?’ म्हणजे ‘किंमत काय?’, एवढ्या शब्दांनी पुष्कळ काम भागते. थोरल्या भावाला अण्णा आणि थोरल्या बहिणीला अक्का म्हणण्याची रीत दोन्ही भाषांत आहे. हे दोन शब्द उच्चारताच अनोळखी चेहऱ्यावर हसू उमटते. तंजावुरी मराठी बोलणारी घराणी अद्यापि आहेत. तमिळच्या सहवासाने तिचा हेल आणि शब्दसंग्रह बदलला आहे. ती ऐकून तिला अशुद्ध ठरविण्याचा मोह आवरावा. तीन शतके घरापासून दूर राहूनही ती बोली जिवंत राहिली, हेच तिचे मोठेपण.

कलांच्या क्षेत्रात देवाणघेवाण याहूनही खोल गेली. विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते १८४३ मध्ये. तंजावूरच्या दरबारात त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे मराठी नाटके लिहिली जात होती. महाराष्ट्राचे कीर्तन येथे आले आणि त्याच्या प्रभावातून कृष्ण भागवतर (निधन १९०३) यांनी तमिळ हरिकथेला घाट दिला. आजही त्या परंपरेत साकी, दिंडी, ओवी आणि अभंग ही नावे टिकून आहेत. सायंकाळी एखाद्या मठात भजन चालू असेल तर प्रवाशाने तेथे स्वस्थ बसावे. अर्थ कळला नाही तरी चाल ओळखीची वाटण्याचा संभव आहे.

बाजारातील विवेक

खरेदी सर्वांत शेवटी करावी, असे सुचविण्यामागे हेतू आहे. नगर समजल्यावर वस्तू समजते आणि मग किंमतही समजते.

तंजावुरी चित्राचेच पाहावे. लाकडी फळीवर, आणि ती परंपरेने फणसाची असे, कापड चिकटवितात. त्यावर खडूची भुकटी आणि चिंचोक्याची खळ किंवा डिंक यांचा लेप देतात. रेखाटन झाल्यावर दागिने, महिरप, सिंहासन यांना याच मिश्रणाने उठाव आणतात, त्यात काचेचे खडे बसवितात, वर सोन्याचा वर्ख दाबतात आणि मग रंग भरतात. हे काम दिवसांचे आणि आठवड्यांचे असते. शेजारी टांगलेले स्वस्त चित्र छापील असू शकते किंवा त्याचा वर्ख नकली असू शकतो. असा वर्ख पुढे काळवंडतो. म्हणून फळी कशाची, वर्ख कोणता, चित्र कोणी केले, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. प्रामाणिक विक्रेत्याला याचा राग येत नाही.

फणसाच्याच लाकडातून येथील वीणा घडते. तिचे चोवीस पडदे मेणात बसविलेले असतात. मान डोलावणारी नर्तकी बाहुली आणि कितीही कलंडली तरी पुन्हा उभी राहणारी गोल बुडाची बाहुली, ही मुलांसाठी नेण्याजोगी भेट होय. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलै येथे मूर्ती ओततात. प्रथम मेणाची मूर्ती करून तिच्यावर कावेरीच्या गाळाचे थर देतात. तापवून मेण वितळवितात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. मातीचा साचा फोडल्याखेरीज मूर्ती बाहेर येत नाही, म्हणून हुबेहूब तशीच दुसरी मूर्ती नसते. चित्रे, वीणा, बाहुल्या आणि मूर्ती या सर्वांना १९९९ च्या कायद्यान्वये भौगोलिक मानांकन लाभले आहे. तमिळनाडू हस्तकला विकास महामंडळाच्या ‘पुम्पुहार’ या विक्री केंद्रात या वस्तू मिळतात. शक्य तेथे कारागिराच्या घरीच जावे. घासाघीस करण्यापूर्वी त्याचा हात किती वेळ चालला, हे तेथे दिसते.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. ‘जुनी, जमिनीत सापडलेली मूर्ती’ असे कोणी कानात सांगितले, तर तेथून निघून जावे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीचा व्यापार १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाने नियंत्रित आहे; परवान्यावाचून तो करता येत नाही. याच भागातील पत्तूर येथील चोळकालीन नटराज १९७६ मध्ये भूमीत सापडला आणि चोरट्या मार्गाने लंडनला पोचला. तेथील न्यायालयात दीर्घकाळ लढा देऊन १९९१ मध्ये तो भारतात परत आणावा लागला. गिऱ्हाईक नसते तर ही चोरी झालीच नसती.

परतल्यावर

प्रवासाचे फळ घरी आल्यावर दिसावे. शिक्षकांनी सहलीपूर्वी नकाशा आणि दहा परके शब्द शिकवावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने एकच वस्तू घ्यावी आणि ती कोणी, कशापासून, किती दिवसांत केली याची नोंद आणावी. अभ्यासदौऱ्याच्या अहवालात अधिकाऱ्यांनी भेटीच्या वेळांबरोबर भेटलेल्या कारागिरांच्या अडचणीही लिहाव्यात.

पंचायत सदस्यांवरील जबाबदारी याहून मोठी आहे. आपल्या गावच्या वेशीजवळ वीरगळ आहे काय? मंदिराच्या शिलालेखावर चुन्याचे वा तैलरंगाचे थर चढत आहेत काय? बारवेच्या पायऱ्या कचऱ्याखाली गेल्या आहेत काय? पैठण, येवला, कोल्हापूर, सावंतवाडी येथे येणाऱ्या तमिळ पाहुण्याला अस्सल पैठणी, चामडी चप्पल किंवा लाकडी खेळणी करणाऱ्याचे घर कोण दाखविणार? त्याला ‘वणक्कम्’ म्हणणारा एखादा तरुण गावात असेल काय? तंजावूरच्या भिंतीने मराठी अक्षरे दोनशे वर्षांहून अधिक काळ सांभाळली. आपल्या गावच्या भिंतीवर जे कोरलेले आहे, ते निदान रंगाच्या पुढल्या हातापासून वाचविणे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या अधिकारात आहे. आणि त्यासाठी एका ठरावापलीकडे फारसा खर्चही येत नाही.