कुटुंबप्रमुख कोण?

(स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला 'महाराष्ट्राची लोकसंख्या आणि कुटुंबे' असा विषय दिला आहे. जेवणानंतरचे सत्र आणि त्यात आकडे, म्हणजे डोळे मिटायला हरकत नाही असे काहीजणींना वाटत असणार. मी काही अभ्यासक नाही. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आणि शिक्षकांच्या गळ्यात पडणारी सगळी कामे केली. २००१ आणि २०११ अशा दोन जनगणनांमध्ये रत्नागिरी जिल्ह्यात मी प्रगणक होते. त्यामुळे मी आकड्यांबद्दल बोलणार ते आकडा जिथे जन्मतो तिथून, म्हणजे लोकांच्या पडवीतून.

फेब्रुवारी २०११ मधले एक घर सांगते. घरात सासू, सून आणि दोन मुले. नवरा मुंबईला. मुंबईला म्हणजे नऊ वर्षांत घरी आलेला नाही, पैसे नाहीत, तिकडे दुसरे घर केल्याची बोलवा. मी पहिला प्रश्न विचारला, कुटुंबप्रमुख कोण? सासूने मुंबईतल्या मुलाचे नाव सांगितले. मी म्हटले, तो इथे राहत नाही, त्याचे नाव चालणार नाही. मग सून म्हणाली, "मंग माज्या पोराचा नाव लिवा, बाई." पोरगा माझ्याच शाळेत सातवीत होता. मी लिहिले.

वैवाहिक स्थिती? "लगीन झालेली." तेही लिहिले. गेल्या वर्षात काही काम केले? "काय नाय, घरीच असतंय." आता ही बाई भात लावते, नाचणी करते, आंब्याच्या हंगामात बागेत मजुरीला जाते, हे मला रोजच्या रोज दिसत होते. पण दुपारचे दोन वाजले होते आणि अकरा घरे राहिली होती. मी लिहिले, काम नाही, घरकाम.

तीन रकाने, आणि तिन्ही चुकीचे. हे मी मुद्दाम सांगते आहे. जनगणना बायकांना मोजत नाही असे आपण नेहमी म्हणतो आणि बोट सरकारकडे दाखवतो. त्या दिवशी सरकारचा नियम बरोबर होता. चुकले होते मी, आणि ती, आणि तिची सासू.

नियम काय आहे ते ऐका. जनगणनेच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसे. कुटुंबप्रमुख म्हणजे घरचे लोक ज्याला प्रमुख मानतात ती व्यक्ती, साधारणपणे घराचा कारभार पाहणारी, निर्णय घेणारी. ती सगळ्यांत वडील पुरुषच असावी किंवा कमावतीच असावी असे नाही, स्त्रीही असू शकते, हे प्रगणकांच्या सूचनांमध्ये स्पष्ट छापलेले असते. मूळ प्रमुख घरात राहत नसेल तर प्रत्यक्ष जबाबदारी जिच्यावर आहे तिला प्रमुख धरायचे, हेही असते. प्रशिक्षणात मी ते वाचले होते. पण 'घरचे लोक ज्याला प्रमुख मानतात' या चार-पाच शब्दांतून सगळी पुरुषसत्ता आत शिरते. मानणार कोण? दारात उत्तर द्यायला येईल तो. बहुधा पुरुषच. आणि बाई आली तरी ती सातवीतल्या पोराचे नाव सांगते.

आता हे एक घर बाजूला ठेवून जिल्ह्याकडे पाहू. २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांवर होती. दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र हजारामागे ११२२, सिंधुदुर्गात १०३६. हे वाचून कोकणात मुलींचे फार कौतुक आहे असे लिहिणारे लोक मी पाहिले आहेत! मुंबई शहराचा आकडा त्याच्या शेजारी ठेवा, ८३२. उपनगर जिल्हा ८६०. कोकणातली जास्तीची बाई आणि मुंबईतला जास्तीचा पुरुष हे एकाच घराचे दोन तुकडे आहेत. गिरण्या चालू होत्या तेव्हापासूनचे. गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करत बंद झाल्या, पण वाट मोडली नाही. नवरा खोलीत, खाणावळीच्या डब्यावर, आणि गावाकडे शेत, गुरे, सासू-सासरे, मुलांची शाळा, भावकीची भांडणे हे सगळे बाईकडे. चुली दोन, म्हणजे जनगणनेच्या हिशेबाने कुटुंबे दोन. मग गावातल्या कुटुंबाची प्रमुख ती बाई, यात शंका कशाला?

पण शंका असते. २०११ मध्ये देशातल्या साधारण ११ टक्के कुटुंबांची प्रमुख स्त्री आहे असे नोंदले गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये हेच प्रमाण १७-१८ टक्क्यांच्या घरात आले. काही फरक मधल्या वर्षांचा असेल. पण पाहणी करणारी बाई घरातल्या बाईबरोबर तासभर बसते आणि प्रगणक दारात उभा राहून पुढच्या घराकडे पाहत असतो, याचाही त्यात वाटा असावा असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

गंमत अशी की तेच सरकार दुसऱ्या कागदावर वेगळे सांगते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डासाठी अठरा वर्षांवरची घरातली सर्वांत वडील स्त्री हीच कुटुंबप्रमुख ठरवली आहे. म्हणजे माझ्या त्या घरात रेशनकार्डासाठी प्रमुख सासू, जनगणनेत प्रमुख सातवीतला मुलगा, जमिनीच्या सात-बारावर मेलेला सासरा, आणि घर चालवणारी कुठेच नाही.

आकडा नसला तर काय बिघडते, असे कोणी विचारेल. आपल्या चळवळीला तरी हे विचारायला नको. १९७४ चा 'समानतेकडे' हा अहवाल आठवा. १९०१ मध्ये देशात हजार पुरुषांमागे ९७२ बायका होत्या, १९७१ मध्ये ९३० राहिल्या, ही घसरण त्याने समोर ठेवली आणि बाकीचे काही खोडून काढता आले तरी तेवढे कोणाला खोडता आले नाही. पुढे मुंबईतल्या मैत्रिणींनी गर्भलिंग निदानाविरुद्ध मोहीम केली आणि १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा आपल्या राज्यात झाला. कायदा झाला तरी आपल्या राज्यातल्या सहा वर्षांखालच्या मुलींचा आकडा १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४ असा उतरत गेला. हे आपल्याला कळले ते मोजले म्हणून. एकूण बायकांचा आकडा त्याच २००१ ते २०११ मध्ये ९२२ वरून ९२९ वर चढला होता. तेवढाच पाहिला असता तर आपण पेढे वाटले असते.

टाकलेल्या बायकांचे तसे झाले नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस संगमनेरला, सांगली भागात परित्यक्तांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा कार्यकर्त्यांना गावोगाव फिरून स्वतः मोजावे लागले, कारण सरकारी कागदावर या सगळ्या 'विवाहित' होत्या. २०११ च्या तक्त्यांत 'विभक्त' आणि 'घटस्फोटित' वेगवेगळे दाखवले आहेत, आणि देशभरात विभक्तांची संख्या घटस्फोटितांच्या दुपटीहून जास्त आहे. माझ्या त्या बाईसारख्या किती जणी तरीही 'विवाहित'मध्ये राहिल्या असतील? लाडकी बहीण योजनेच्या पात्रतेत २०२४ मध्ये परित्यक्ता हा शब्द आला. शब्द आला, पण अशा बाया आहेत किती हे सांगणारा रकाना आपणच मोकळा ठेवला.

कोकण सोडून आता बीडकडे येते, कारण तिथे याच्या उलट घडते. तिथे घर दोन तुकड्यांत मोडत नाही, नवरा-बायको जोडीनेच घर सोडतात. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतो पुरुष, तोडतात दोघे, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते ती. हिशेबात बाई अर्धा कोयता, म्हणजे वेगळी कोणीच नाही. दिवाळीच्या सुमारास निघालेली ही माणसे फेब्रुवारीत, म्हणजे नेमकी शिरगणतीच्या वेळी, कारखान्याजवळच्या कोप्यांत असतात. पहाटे चारला फडात गेलेल्या बाईला कोपीवर गाठणारा प्रगणक मला तरी अजून भेटलेला नाही. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. आणि या बायकांची गर्भाशये काढली जातात ही ओरड झाल्यावर २०१९ मध्ये स्वतंत्र पाहणी करावी लागली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांशी बोलल्यावर १३ हजारांहून जास्त जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे निघाले. कोयता मोजून हे कधीच निघाले नसते.

कामाच्या रकान्याबद्दल थोडक्यात. १९९१ मध्ये प्रश्नातच 'शेतावर किंवा घरच्या धंद्यात केलेले बिनमोबदला काम धरून' असे शब्द घातले गेले. त्याला वीस वर्षे झाली होती, तरी २०११ मध्ये राज्यातल्या शंभर बायकांत ३१ जणीच काम करणाऱ्या निघाल्या. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत देशातल्या बायका दिवसाला २८९ मिनिटे घरकामात घालवतात, पुरुष ८८, असे आले. ते तर जनगणनेत काम धरतच नाहीत. तो वाद मोठा आहे, आज नको. पण जे नियमाने काम धरले जाते तेवढे तरी आपण सांगू या.

पुढची जनगणना २०२१ मध्ये व्हायची ती लांबत गेली. आता घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठेवली आहे. या वेळी सगळ्यांची जात विचारणार म्हणून चर्चा तिकडेच आहे, ते योग्यही आहे. मला मात्र धाकधूक वाटते ती मोबाईलची. आपली माहिती आपणच भरण्याची सोय दिली आहे. आता मोबाईल ज्याच्या हातात, तोच घर सांगणार. दारात निदान बाई उभी तरी राहत होती.

बायका खरे का सांगत नाहीत, हेही मी नंतर विचारत फिरले. एकजण म्हणाली, 'विभक्त' लिहिले तर पोटगीच्या खटल्यात वकील तेच दाखवतील. दुसरी म्हणाली, जमिनीतला वाटा जाईल. या भीतीला उत्तर आहे आणि ते आपण पाठ करायला हवे. १९४८ च्या जनगणना कायद्यातल्या कलम १५ प्रमाणे ही माहिती गोपनीय असते आणि तुमच्याविरुद्ध न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. कोणताही कागद दाखवावा लागत नाही. तिसरीला मात्र मला उत्तर देता आले नाही. ती म्हणाली, "माझं नाव पहिलं लिहिलं तर तो परत येणार नाही असं मीच म्हटल्यासारखं होतं."

माझ्या त्या घरी अलीकडे जाऊन आले. सासू गेली. मुलीचे लग्न झाले, पोरगा पुण्याला कंपनीत आहे. मी विचारले, आता मोजायला आले तर प्रमुख म्हणून कोणाचे नाव सांगशील? हसली. "आता घरात कोण ऱ्हायलाच नाय, मंग मीच की."

तर चहाच्या आधी आपण जोड्या करू. एकीने प्रगणक व्हायचे, दुसरीने आपल्या वस्तीतली एखादी बाई. तीनच प्रश्न घ्या, प्रमुख कोण, लग्नाची स्थिती काय, गेल्या वर्षात काम केले का. प्रगणक होणारीने घाई करायची, खऱ्या प्रगणकासारखी. मग जागा बदला. प्रश्न फळ्यावर लिहिले आहेत.