पॅडवरचा हात, ढोलावरचा हात

मंडळी, गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये ढोलाचा सराव करणार कुठे? निवासी भागाची ध्वनिमर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. म्हणून वर्षभर हेडफोन लावून इलेक्ट्रॉनिक पॅडवर हात बसवला. ताल पक्का झाला, शेजारीही खूश.

विसर्जनाला खरा ढोल कमरेला बांधला आणि दहा मिनिटांत मनगट भरून आलं. पॅडचं रबर टिपरू आपसूक उचलून देतं. दमट हवेत सैल झालेलं पान देत नाही. थापीचा हात तर कोराच राहिला होता. त्यात मुलगा ओरडला, "बाबा, तुम्ही एकटेच पुढे निघालात!"

हेडफोनमध्ये पथक ऐकू येत नाही. आम्हा रेल्वेवाल्यांनाही सिम्युलेटरनंतर रुळावर यावंच लागतं. तेव्हा घरी पॅड जरूर वापरा, पण रविवारी सकाळी ढोल घेऊन मैदानात एकत्र जमू या.

गणपती बाप्पा मोरया!