बाजारओळीतली मोकळी जागा

(शताब्दी महोत्सवानिमित्त लालबर्रा येथे सभासद व आश्रयदाते यांच्यासमोर केलेले भाषण)



शताब्दीच्या समारंभात वक्त्याने संस्थेचा गौरव करावा, जुन्या कार्यकर्त्यांचे ऋण मानावे आणि दोन-चार ग्रंथांची नावे घेऊन खाली बसावे, अशी रीत आहे. ऋण मी मानतोच. याच वाचनालयाच्या ओसरीवर बसून वर्तमानपत्राचे मधले पान मागून घेणारा मुलगा आज आपल्यापुढे बोलायला उभा आहे, याहून मोठी पावती मजजवळ नाही. परंतु चिटणीसांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मी गौरवाऐवजी जागेचा विषय घेतला. कारण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. शेजारचे घर पडून तेथे वाहने उभी राहू लागली त्यास आता बरीच वर्षे झाली. ती जागा आणि आपली जागा एकत्र करून त्यावर नवी इमारत उठवावी, तळाशी दुकानांचे गाळे व वाहनतळ असावा आणि वाचनालयास दुसऱ्या मजल्यावर विनामूल्य दालन मिळावे, असा एक प्रस्ताव आपल्या मंडळापुढे आहे. त्यावर सर्वसाधारण सभेत मतदान व्हायचे आहे. मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता. नोकरीची बहुतेक वर्षे पुण्यात आणि मुंबईत जुन्या इमारतींच्या सहवासात गेली. तेथे जे पाहिले ते या प्रस्तावाच्या संदर्भात आपल्यापुढे ठेवावे, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम आपल्या गावाविषयी. बालाघाटहून सिवनीकडे जाणाऱ्या रस्त्याने कोणी नवखा मनुष्य आला, तर त्याला वाटेल की लालबर्रा भरभराटीला आले आहे. रस्त्याच्या कडेने काँक्रीटची घरे, दुकाने, गोदामे उभी राहिली आहेत. त्यांतल्या कितीतरी ठिकाणी आमच्या लहानपणी धानाच्या बांध्या होत्या. परंतु तोच मनुष्य रस्ता सोडून जुन्या बाजारओळीत शिरला, तर त्याला तोंडातले दात पडावेत तशी ओळ दिसेल. चार घरे, मग एक रिकामी जागा. दोन घरे, पुन्हा रिकामी जागा. गाव बाहेरून वाढते आहे आणि आतून पोकळ होते आहे.

असे का होते, हे आमच्याच घराच्या उदाहरणाने सांगतो. मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर कवेलू. अशा घराला दर उन्हाळ्यात कवेलू फेरावे लागतात. माकडे येतात, मांजरी पळतात, कवेलू फुटतात. पहिल्या पावसापूर्वी ते बदलले नाहीत तर पाणी थेट भिंतीत उतरते. पुढे कवेलू फेरणारे हात मिळेनासे झाले. वाटण्या झाल्या. माझ्या चुलत्यांच्या वाट्याचे घर उतरवून त्यांनी सांदवाडीकडे नवे बांधले आणि दर्शनी जागा ट्रॅक्टर उभा करण्यास ठेवली. त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु आमची आणि त्यांची भिंत सामायिक होती. ज्या बाजूने त्या भिंतीने जन्मात पाऊस पाहिला नव्हता, ती बाजू उघडी पडली. तिला ना वळचण, ना गिलावा. तिसऱ्या पावसाळ्यात ती बसली आणि आमचे घरही गेले. जुन्या ओळीतली घरे एकमेकांच्या खांद्यावर उभी असतात. एक काढले की दुसरे कधी पडायचे हे फक्त पावसावर ठरते. आपल्या वाचनालयाची पूर्वेकडची भिंत आज त्याच अवस्थेत आहे. कोणी उत्साहाने म्हणेल की जुनी वास्तू जशीच्या तशी जपा, तर त्याने आधी त्या भिंतीला हात लावून पाहावा. माती हातात येते.

म्हणून मी आरंभीच स्पष्ट करतो, की नव्या बांधकामाला माझा विरोध नाही. किंबहुना गावाच्या मधोमध पडलेल्या जागांवर पुन्हा घरे, दुकाने, संस्था उभ्या राहाव्यात आणि धानाच्या बांध्या शक्य तो वाचाव्यात, असेच मला वाटते. मधल्या जागेला रस्ता आहे, वीज आहे, नळ आहे, शेजार आहे. प्रश्न बांधावे की नाही हा नाही. बांधताना जमिनीशी असलेला मजला कोणाच्या वाट्याला येतो, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचसाठी मी आपल्याला पुण्यात नेतो.

पुण्याच्या पेठांतला वाडा म्हणजे लाकडी सांगाडा, पांढऱ्या मातीच्या व विटांच्या भिंती, मधोमध चौक, एखादी विहीर आणि रस्त्याच्या बाजूला ओटा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले. माती विरघळली आणि असंख्य घरे बसली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती बाहेर वसल्या. शहर असे दूरवर पसरले आणि पेठांत ठिकठिकाणी खिंडारे राहिली. त्यांवर पुढे इमारती आल्या. १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्यानंतर तर वाडा उतरवून सदनिका बांधणे हा पेठांतला नित्याचा व्यवहार झाला. पुष्कळ भाडेकरूंना त्यात प्रथमच स्वतःचे स्वच्छतागृह मिळाले. वाड्यांवर हळवे लेख लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये. त्यांतल्या अनेकांनी चार बिऱ्हाडांत मिळून एक शौचकूप कधी वापरलेला नसतो.

पण त्या इमारतींसमोरून चालताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. ओटा गेला. दिंडीदरवाजा गेला. त्यांच्या जागी खांब आले आणि खांबांमध्ये वाहने आली. नियमानेच अमुक घरांमागे अमुक वाहनांची जागा ठेवावी लागते आणि पेठेतली जागा अरुंद. तेव्हा सगळा तळमजला त्यातच खर्ची पडतो. माणूस पहिल्या मजल्यापासून सुरू होतो. रस्त्याने जाणाऱ्यास घरातले कोणी दिसत नाही आणि घरातल्यास रस्ता दिसतो तो वरून. ज्या ओट्यांवर पेन्शनर वर्तमानपत्र वाचत आणि पोरे अभ्यास करीत, त्या ओट्यांचे काम दुसरे कोणी करत नाही.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या शहरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर भर वस्तीतल्या जुन्या इमारती पाडून त्या जागी मोटारी उभ्या करण्याची मैदाने केली. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी २००५ साली ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ हा जाडजूड ग्रंथ लिहून दाखवले, की फुकट म्हणून मिळणाऱ्या वाहनतळाची किंमत कोणीतरी भरतच असते. ती घराच्या भाड्यात, दुकानातल्या मालाच्या दरात मिसळलेली असते आणि ज्याच्याकडे मोटार नाही तोही ती देतो. २०१७ मध्ये बफेलो या शहराने बांधकामाबरोबर वाहनतळ केलाच पाहिजे ही सक्ती काढून टाकली. पुढे इतर शहरांनीही तो मार्ग धरला. तिकडे मैदाने पुन्हा बांधून काढण्याची धडपड चालू आहे आणि आपण मात्र पडक्या जागेत गाडी उभी राहिली की जागेचा उपयोग झाला, असे समजतो.

आता मुंबई. गिरगावच्या चाळींबद्दल आपण वाचलेले आहे, नाटकांत पाहिलेले आहे. त्या मोडकळीला का आल्या, याचे कारण मात्र कायद्याच्या पुस्तकात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात ते योग्यच होते. पण ती गाठ पुढे पन्नास वर्षे कोणी सोडली नाही. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना. १९६९ साली उपकर बसवून दुरुस्तीसाठी मंडळ नेमले गेले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणखी एक वाट काढली: जुन्या भाडेकरूंना नवे घर विनामूल्य द्यावे आणि त्याबदल्यात बांधणाऱ्याने वाढीव चटईक्षेत्र घेऊन ते विकावे. गोठलेली भाडी न्याय्य राहिलेली नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले आणि नवा कायदा २००० सालच्या ३१ मार्चपासून लागू झाला.

विनामूल्य हा शब्द येथे नीट ऐकावा. ज्याची जागा मोक्याची त्याचे काम झटपट होते. ज्याच्या जागेतून विकण्यासारखे फारसे उरत नाही, तो वाट पाहत राहतो. आणि वाट पाहणे धोक्याचे असते. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पुनर्विकासाच्या योजनेत समाविष्ट झालेली होती; ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी ती कोसळली आणि ३३ माणसे गेली. कागदावर त्यांना नवी घरे मिळायचीच होती. आपल्या पूर्वेकडच्या भिंतीविषयी ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणणाऱ्या सभासदांसाठी मी हे मुद्दाम सांगतो.

दुसरे उदाहरण बीडीडी चाळींचे. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ इमारती बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, शौचालये सामायिक. त्या जागांचा पुनर्विकास म्हाडाकडे आला. भूमिपूजन २०१७ मध्ये झाले आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. आठ वर्षे लागली; तोवर कुटुंबे संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरांत राहिली. तरीही मी त्या कामाला बरे म्हणेन. कुटुंबांना घराची मालकी मिळाली आणि ते जेथे राहत होते तेथेच राहिले. आता चाळीस मजल्यांच्या त्या इमारतींत व्हरांड्यातला शेजार कसा टिकतो, हे पाहायचे आहे. उद्वाहन बंद पडले की सत्तरीतल्या माणसाला खाली येणे अशक्य होते, एवढे मात्र आजच सांगता येते.

आपल्याकडे चाळीस मजले नाहीत, दोनच आहेत. पण आपल्या नोंदवहीत पाहा: रोज येणाऱ्या वाचकांत निम्म्याहून अधिक साठी ओलांडलेले आहेत. प्रस्तावात उद्वाहनाचा उल्लेख नाही. आणि म्हाताऱ्यांहूनही मला काळजी आहे ती मुलांची. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. याबद्दल माझी काही तक्रार नाही; हिंदीने आपल्याला भरभरून दिले आहे. पण त्यानंतर येथल्या मुलाला मराठी अक्षर दिसते कोठे? घरात पोवारी, बाजारात हिंदी, शाळेत हिंदी आणि आता इंग्रजी. ओसरीवरच्या दांडीला अडकवलेले नागपूरचे वर्तमानपत्र आणि दारावरची पाटी, एवढेच. मी स्वतः आत आलो तो पुस्तकासाठी नव्हे. पाऊस आला म्हणून ओसरीवर चढलो आणि तेथे वाचायला काहीतरी होते. दुसऱ्या मजल्यावर पावसाने कोणी चढत नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. इमारत नवी व्हावी, शेजारची पडीक जागाही तिच्यात यावी. गाळे हवेत, कारण त्यांच्या भाड्यावर वाचनालय चालेल. त्यात कमीपणा मानू नये. वर राहती घरे निघाली तर अधिक बरे, रात्री ओळीत दिवा दिसेल. परंतु रस्त्यालगतचा तळमजल्याचा निदान एक गाळा वाचनालयाचा असावा, त्याला ओटा असावा आणि वर्तमानपत्रांचा कक्ष तेथेच असावा. ग्रंथांची कपाटे वर गेली तरी चालेल. वाहने मागे सांदवाडीच्या बाजूस उभी राहावीत. खांबांमधल्या वाहनतळाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निर्णय दिला आहे, की ती जागा सामायिक असते, बांधणाऱ्याला ती निराळी विकता येत नाही. तो निर्णय महाराष्ट्राच्या कायद्यावरचा आहे. आपण येथे त्यावर विसंबून न राहता ही गोष्ट करारातच लिहून घ्यावी.

आणखी एक. ‘विनामूल्य दालन’ असे शब्द मसुद्यात आहेत, पण दालन मालकीचे की वापरापुरते, हे त्यात कोठेही नाही. आपण आज जमिनीचे मालक आहोत. उद्या दुसऱ्या मजल्यावरचे वापरकर्ते झालो तर शंभर वर्षांची मिळकत एका शब्दात गेली. विश्वस्तांना हेही स्मरण देतो, की मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ नुसार न्यासाची स्थावर मिळकत विकण्यास वा अदलाबदल करण्यास निबंधकांची पूर्वपरवानगी लागते; मतदान झाले म्हणजे काम संपले असे नाही. आणि बांधकाम चालू असताना ग्रंथ कोठे राहतील, त्याचे भाडे कोण देईल, मुदत टळली तर काय, याचीही कलमे हवीत. पुण्यामुंबईत मी ज्या संस्था फसलेल्या पाहिल्या, त्या लबाडीने फारशा फसल्या नाहीत, संकोचाने फसल्या. समोरचा मनुष्य ओळखीचा, सज्जन, देणगीदार; त्याच्याकडे कलम कसे मागावे, असे त्यांना वाटले.

आमच्या पडलेल्या घराच्या जागेचा उल्लेख केला, तर तीही आज रिकामीच आहे. मी आणि माझे चुलत भाऊ मिळून तिच्यावर दोन दुकाने आणि वर दोन घरे बांधावीत, अशी बोलणी गेल्या दिवाळीपासून चालू आहेत. ओट्याच्या रुंदीवर अद्याप एकमत झालेले नाही.

मसुद्याची प्रत वाचनकक्षातल्या लांब टेबलावर ठेवली आहे. कलम चौथे आणि सातवे यांच्या समासात मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. समास अजून पुष्कळ शिल्लक आहे, आणि पेन्सिल तेथेच दोरीने बांधून ठेवली आहे.